आवाज कुठून आला? अँटेनांच्या रांगेची गोष्ट



चांगी बिझनेस पार्कात नोकरी करणारे आम्ही काही मराठी इंजिनीअर दुपारचे डबे एकत्र खातो. जेवताना बोलण्याचे विषय साधारण ठरलेले असतात: घरभाडे, मुलांच्या शाळा, सुट्टीची विमानाची तिकिटे. पण मध्येच कुणीतरी एखादा बिनकामाचा प्रश्न टाकतो आणि मग जेवणाची सुट्टी कमी पडते. त्यातलाच हा एक प्रश्न. ऑफिसच्या छताला वाय-फायचे जे पांढरे डबे लावलेले असतात, त्यांच्या पोटात चार-चार, आठ-आठ अँटेना कशाला? एकाने भागत नाही का?

याचे उत्तर एका ओळीत देता येते: एका अँटेनाला 'काय' ऐकू येते ते कळते, पण 'कुठून' ते कळायला अनेक अँटेना लागतात. आता ही एक ओळ नीट समजून घ्यायची तर वाटेत कल्याण, पुणे, लोणावळा आणि खोडद ही आपली चार गावे लागतात. म्हणूनच हा विषय मंडळाच्या वाचकांसाठी सविस्तर लिहायचे ठरवले. थोडे गणित आहे, पण दहावीच्या त्रिकोणमितीच्या पुढचे नाही. तेव्हा घाबरू नका!

एका कानाचे काम नाही

डोळे मिटून बसा आणि कुणालातरी खोलीत कुठेही उभे राहून टाळी वाजवायला सांगा. टाळी डावीकडून आली की उजवीकडून, हे लगेच कळते. आता एका कानात बोट घट्ट घालून तोच प्रयोग करा. टाळी ऐकू येते, दिशा मात्र चुकायला लागते.

आपल्या दोन कानांत साधारण २० सेंटिमीटर अंतर धरले आणि आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो हे लक्षात घेतले, तर अगदी बाजूने आलेला आवाज जवळच्या कानापेक्षा लांबच्या कानाला जेमतेम ०.६ मिलिसेकंद उशिरा पोचतो. (लांबच्या कानाला तो थोडा हळूही ऐकू येतो, त्याचीही मदत होते.) एवढ्याशा उशिरावरून मेंदू दिशा ठरवतो. म्हणजे दिशा ही आवाजात लिहिलेली नसतेच. ती दोन कानांनी ऐकलेल्यातल्या फरकात असते. पुढचा सगळा लेख या एका वाक्याचा विस्तार आहे.

अँटेनाचेही असेच असते, फक्त रेडिओ लहरी फार वेगवान. त्या सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात, म्हणजे एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर. वाय-फायच्या डब्यातले दोन अँटेना काही सेंटिमीटर अंतरावर असतात. तेव्हा त्यांच्यातला उशीर नॅनोसेकंदाच्याही एखाद्या लहानशा अंशाइतका भरणार. तो घड्याळ लावून मोजण्यापेक्षा इंजिनीअर लोक एक सोपी युक्ती करतात.

लाट, रांग आणि घड्याळाचे काटे

चांगी बीचवर गुडघाभर पाण्यात पाच मुले किनाऱ्याला समांतर एका रांगेत उभी आहेत, असे समजा. लाट अगदी सरळ समोरून आली तर पाचही जणांना एकदमच भिजवते. तीच लाट तिरकी आली तर आधी एका टोकाचे मूल भिजते, मग दुसरे, मग तिसरे. लाट जितकी जास्त तिरकी, तितका दोन मुलांमधला उशीर जास्त. किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला समुद्र दिसत नसला, नुसते मुलांचे ओरडणे ऐकू येत असले, तरी लाट कुठल्या बाजूने आली ते त्याला सांगता येईल.

आता मुलांच्या जागी अँटेना ठेवा. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सेकंदाला २४० कोटी वेळा वर-खाली होतात आणि त्यांची तरंगलांबी, म्हणजे एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर, १२.५ सेंटिमीटर असते. प्रत्येक अँटेनाजवळ एकेक घड्याळ आहे आणि एक लाट गेली की त्याचा काटा एक पूर्ण फेरी मारतो, अशी कल्पना करा. काटा त्या क्षणी कुठे आहे, त्याला 'फेज' म्हणतात. दोन घड्याळांच्या काट्यांमधला कोन मोजला की उशीर कळला, आणि उशीर कळला की दिशा.

एक उदाहरण करून पाहू. दोन अँटेना अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे ६.२५ सेंटिमीटरवर ठेवले. लहर रांगेच्या अगदी समोरून न येता ३० अंश तिरकी आली. लांबच्या अँटेनापर्यंत पोचायला तिला जे जास्तीचे अंतर कापावे लागते ते म्हणजे ६.२५ गुणिले साइन ३०, म्हणजे सव्वातीन सेंटिमीटरला थोडे कमी. हे तरंगलांबीच्या बरोबर पाव भाग आहे. पाव फेरी म्हणजे ९० अंश. तर दोन काट्यांत ९० अंशांचा फरक दिसला की समजायचे, पाहुणा ३० अंशांवरून आला. फरक शून्य असेल तर तो समोरून आला. झाले, दिशा मिळाली!

एक गोष्ट मात्र जपावी लागते. ही सगळी घड्याळे एकमेकांशी जुळलेली हवीत. एका अँटेनाची केबल दुसऱ्यापेक्षा एकच सेंटिमीटर लांब असली तरी काय होते पाहा. केबलमधून लहर हवेतल्यापेक्षा हळू जाते, साधारण दोन तृतीयांश वेगाने. त्यामुळे त्या एका सेंटिमीटरने काटा सुमारे ४३ अंश सरकतो, आणि समोर उभा असलेला माणूस १४ अंश बाजूला उभा असल्यासारखा 'दिसतो'. म्हणूनच दिशा शोधणारे कुठलेही यंत्र आधी माहीत असलेल्या दिशेच्या सिग्नलवर जुळवून घ्यावे लागते.

आजचे पाच की कालचे पाच?

अँटेना अर्ध्या तरंगलांबीवरच का ठेवले? जास्त लांब ठेवले तर फरक मोठा मिळेल, मोजायला सोपे जाईल, असे कुणालाही वाटेल. वाटते ते अर्धे खरे आहे.

घड्याळाकडे पाहून पाच वाजलेत हे कळते, पण आजचे पाच की कालचे पाच, हे कळत नाही. काट्याने किती पूर्ण फेऱ्या मारल्या याची नोंद तबकडीवर नसते. अँटेना दोन तरंगलांब्यांवर ठेवले तर समोरून आलेल्या लहरीला फरक शून्य, आणि ३० अंशांवरून आलेल्या लहरीला फरक बरोबर एक फेरी, म्हणजे दिसायला पुन्हा शून्यच! दोन वेगळ्या दिशा, उत्तर एकच. अर्ध्या तरंगलांबीच्या आत राहिले तर समोरच्या बाजूने येणाऱ्या कुठल्याही दिशेसाठी अशी फसगत होत नाही.

पण जवळजवळ ठेवलेल्या थोड्या अँटेनांची नजर अंधुक असते. रांगेची नजर किती तीक्ष्ण, याचा ठोकताळा सोपा आहे: तरंगलांबी भागिले रांगेची एकूण लांबी. २.४ गिगाहर्ट्झवर अर्ध्या-अर्ध्या तरंगलांबीवर चार अँटेना लावले तर रांग साधारण पाव मीटरची होते आणि तिची नजर सुमारे ३० अंशांची. म्हणजे ३० अंशांपेक्षा जवळ बसलेले दोन फोन तिला वेगवेगळे दिसायचे नाहीत, एकच ढग दिसेल.

थोडक्यात, जवळ ठेवावे तर अंधुक, लांब ठेवावे तर फसगत. या पेचातून वाट काढण्याचा भारतातला एक सुंदर नमुना आपल्या कल्याणचा आहे.

कल्याणच्या ३२ थाळ्या

मुंबईची लोकल म्हटली की कल्याण आठवते. पण १९६५ साली याच कल्याणजवळ भारतातल्या पहिल्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी राहिली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती उभारणारे होते डॉ. गोविंद स्वरूप. ते १९५३ साली ऑस्ट्रेलियात शिकायला गेले होते. सिडनीजवळ पॉट्स हिल इथे सूर्याच्या रेडिओ लहरी टिपण्यासाठी ६ फूट व्यासाच्या ३२ थाळ्यांची रांग होती. तिचे काम संपल्यावर त्या थाळ्या ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या. आधी त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आल्या. स्वरूप अमेरिकेत स्टॅनफर्डला जाऊन डॉक्टरेट करून १९६३ साली होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि मग त्या थाळ्यांना कल्याणला जागा मिळाली.

२४ थाळ्या पूर्व-पश्चिम, ६३० मीटरच्या रांगेत. ८ थाळ्या उत्तर-दक्षिण, २५६ मीटरच्या रांगेत. ऐकायची लहर ६१० मेगाहर्ट्झची, म्हणजे तरंगलांबी ४९ सेंटिमीटर. आता वरचा ठोकताळा लावा. ४९ सेंटिमीटर भागिले ६३० मीटर केले की नजर येते दोन-तीन कलांची. (आपल्या पंचांगातल्याच कला-विकला: एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला.) आकाशातली सूर्याची थाळी सुमारे अर्ध्या अंशाची, म्हणजे ३० कलांच्या आसपास. तेव्हा या रांगेला सूर्याच्या दहा-बारा फोडी करून कुठली फोड जास्त 'तापलेली' आहे ते सांगता येत होते.

आणि फसगतीचे काय? पूर्व-पश्चिम रांगेत दोन थाळ्यांमध्ये सरासरी २७ मीटर, म्हणजे ५० हून जास्त तरंगलांब्या! आजचे पाच की कालचे पाच हा घोळ तर इथे पुरेपूर होणार. हिशेब केला तर दर एका अंशाच्या आसपास रांगेला तेच ते उत्तर मिळते. पण सूर्य मुळात अर्धाच अंश रुंद. एका वेळी त्याच्यावर एकच 'नजर' पडते, बाकीच्या नजरा मोकळ्या आकाशाकडे, आणि या लहरींवर सूर्यापुढे बाकीचे आकाश जवळपास गप्पच असते. घोळ आहे, पण तो अशा अंतरावर नेऊन ठेवला आहे की कामात येत नाही. इंजिनीअरिंग म्हणतात ते याला!

दोन रांगा का लागल्या, तेही पाहण्यासारखे आहे. एका सरळ रांगेला फक्त तिच्याशी होणारा कोन कळतो. समोर ३० अंश आणि मागे ३० अंश, किंवा वर आणि खाली, हा भेद तिला करता येत नाही. आपल्याही कानांना नेमके समोर आणि नेमके मागे यात गोंधळ होतो, म्हणून आपण नकळत मान वळवतो. थाळ्यांच्या रांगेला मान नसते, म्हणून दुसरी रांग काटकोनात टाकायची.

पुणे, लोणावळा आणि स्टॅनफर्ड

सूर्यासारखा एकच मोठा पाहुणा असला तर रांग लांब करून भागते. पण ऑफिसच्या छताला ६३० मीटरची रांग कुठे लावणार? छोटीच रांग ठेवायची, आणि तरीही जवळजवळ बसलेले दोन फोन वेगळे ओळखायचे, असे काही जमते का?

साधी पद्धत अशी. संगणक प्रत्येक दिशेचा अंदाज घेत जातो: 'सिग्नल १० अंशांवरून आला असे समजू', मग त्याप्रमाणे सगळ्या घड्याळांचे काटे मागे-पुढे करून बेरीज करायची. अंदाज बरोबर असेल तर सगळे काटे एका दिशेला येतात आणि बेरीज मोठी होते. ढोल-ताशा पथकात सगळ्यांची टिपरी एकदम पडली की जसा दणका बसतो, तसे. चुकीच्या दिशेला टिपऱ्या पुढे-मागे पडतात आणि नुसता कल्ला होतो. ही पद्धत भरवशाची आहे, पण तिला तो अंधुकपणाचा नियम ओलांडता येत नाही.

१९७९ साली अमेरिकेत राल्फ श्मिट यांनी 'म्युझिक' नावाची रीत मांडली. तिचे म्हणणे असे: अँटेना चार असतील आणि सिग्नल दोन, तर मोजमापात सिग्नलचा वाटा आणि निव्वळ खरखरीचा वाटा गणिताने वेगळा काढता येतो. खऱ्या दिशेचा ठसा खरखरीच्या वाट्यात अजिबात सापडत नाही. मग प्रत्येक दिशा तपासत जायची आणि जिथे ठसा नाहीसा होईल तिथे बोट ठेवायचे. अट एवढीच, की सिग्नल अँटेनांच्या संख्येपेक्षा कमी असावेत. यात अंधुकपणाची भिंत बरीच मागे हटते.

पुढचे पाऊल टाकले ते पुण्याच्या माणसाने. थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ साली पुण्यात एका मल्याळी कुटुंबात झाला. १९५६ साली ते पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून, म्हणजे आपल्या सीओईपीमधून, टेलिकॉमचे पदवीधर झाले, १९६१ साली एमआयटीतून डॉक्टरेट मिळवली आणि १९६३ पासून स्टॅनफर्डला शिकवू लागले. त्यांचे विद्यार्थी रिचर्ड रॉय आणि संशोधक आरोग्यस्वामी पॉलराज यांच्याबरोबर १९८० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी 'एस्प्रिट' ही रीत काढली.

पॉलराज यांची वाट लोणावळ्याहून गेलेली. ते भारतीय नौदलात होते आणि त्यांनी लोणावळ्याच्या नौदल इंजिनीअरिंग कॉलेजातून पदवी घेतली होती. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' ही आपली युद्धनौका बुडवली. १९४ अधिकारी आणि नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबरच गेले. पाण्याखालून येणारा शत्रू कुठल्या दिशेला आहे हे वेळेत न कळण्याची किंमत किती असते, ती त्या रात्री नौदलाने मोजली. त्यानंतर पॉलराज जुन्या ब्रिटिश सोनारमध्ये सुधारणा करण्याच्या कामाला लागले आणि पुढे कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत 'अप्सोह' हे भारतीय सोनार तयार करणाऱ्या गटाचे नेतृत्व त्यांनी केले. सोनार म्हणजे अँटेनाऐवजी पाण्यातल्या 'कानांची' रांग; हिशेब तोच, लहर आवाजाची. तिथून ते स्टॅनफर्डला पोचले.

एस्प्रिटची कल्पना सांगायला सोपी आहे. चार अँटेनांची रांग घ्या. त्यातले पहिले तीन म्हणजे एक संघ, शेवटचे तीन म्हणजे दुसरा संघ. दुसरा संघ हा पहिल्याचाच जुळा भाऊ, फक्त एक घर पुढे सरकलेला. तेव्हा एखाद्या दिशेने आलेला सिग्नल दोन्ही संघांना सारखाच दिसणार, फक्त सगळे काटे एकाच ठरावीक कोनाने फिरलेले. दोन सिग्नल असतील तर दोन वेगळे कोन. हे कोन गणिताने थेट काढता येतात, एकेक दिशा तपासत बसावे लागत नाही. शिवाय प्रत्येक अँटेनाचा स्वभाव आधी बारकाईने मोजून ठेवण्याची गरजही बरीच कमी होते, कारण दोन्ही संघ जुळे असले की पुरे.

यातूनच पुढचा विचार आला. दोन सिग्नल दिशेवरून वेगळे काढता येत असतील, तर एकाच लहरीवर, एकाच वेळी दोन वेगळे निरोप पाठवायला काय हरकत आहे? पॉलराज आणि कैलाथ यांना या कल्पनेचे अमेरिकन पेटंट १९९४ साली मिळाले. आज 'मायमो' या नावाने ती जगातल्या वाय-फायच्या डब्यांत आणि ४जी-५जीच्या मनोऱ्यांत बसली आहे. भारत सरकारने कैलाथ यांना २००९ साली आणि पॉलराज यांना २०१० साली पद्मभूषण दिले.

तर छतावरच्या डब्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे. डबा 'तुम्ही ३० अंशांवर बसला आहात' असा आकडा छापत नाही. पण डबा आणि फोन आपसात मोजमाप करून काट्यांचे फरक काढतात आणि त्याप्रमाणे डबा आपला जोर तुमच्याकडे वळवतो. ५जीच्या मनोऱ्यावर तर ६४-६४ अँटेनांचे पॅनेल सर्रास असते. ३.५ गिगाहर्ट्झवर अर्धी तरंगलांबी सव्वाचार सेंटिमीटर, त्यामुळे एवढे अँटेना एका पॅनेलवर मावतात. आणि जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या ब्लूटूथच्या ५.१ आवृत्तीत तर दिशेचा कोन काढण्याची सोय रीतसर दिलेली आहे. गोदामातले सामान किंवा हॉस्पिटलातली व्हीलचेअर शोधायला ती उपयोगी पडते.

काचेच्या इमारतींचे आरसे

चांगी बिझनेस पार्कात हे गणित लावायला गेले की एक अडचण उभी राहते, ती म्हणजे चहूबाजूच्या काचा आणि लोखंड. एकाच फोनचा सिग्नल सरळही येतो आणि समोरच्या इमारतीवर आपटूनही येतो. रांगेला वाटते, दोन फोन आहेत. त्याहून वाईट म्हणजे हे दोन्ही एकाच आवाजाचे पडसाद असल्यामुळे त्यांचे काटे बरोबर जोडीने फिरतात, आणि म्युझिक-एस्प्रिटसारख्या रीतींना ते वेगळे काढता येत नाहीत. दोघांचे मिळून भलतेच काहीतरी उत्तर येते.

यावर १९८५ साली कैलाथ यांच्याच गटाने उपाय मांडला. रांगेचे लहान-लहान, एकमेकांवर चढलेले तुकडे करायचे आणि त्यांच्या मोजमापांची सरासरी घ्यायची. प्रत्येक तुकड्यापाशी सरळ सिग्नल आणि पडसाद यांची जुळणी थोडी वेगळी असते, त्यामुळे सरासरीत त्यांची जोडी फुटते. किंमत अशी, की तुकडे केल्याने रांग आखूड होते, म्हणजे तेवढे अँटेना जास्त लागतात. फुकट काही मिळत नाही, हा नियम इथेही आहेच.

खोडद: ऐकण्यासाठी लागणारी शांतता

आता चौथे गाव. पुण्याहून उत्तरेला ८० किलोमीटरच्या आसपास, नारायणगावजवळ, जुन्नर तालुक्यात खोडद आहे. कल्याणनंतर गोविंद स्वरूप यांनी उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली आणि मग खोडदला जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. १४ मध्यभागी एका चौरस किलोमीटरच्या आसपास, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, प्रत्येक भुजा सुमारे १४ किलोमीटरची. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती राष्ट्राला अर्पण झाली.

कल्याणचाच हिशेब इथे मोठा झाला आहे. ३० थाळ्यांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडी म्हणजे दोन कान. सर्वांत लांबची जोडी सुमारे २५ किलोमीटरची. २१ सेंटिमीटरच्या लहरीवर नजर येते दोन विकलांच्या आतबाहेर, म्हणजे कल्याणपेक्षा काही पटींनी नव्हे, ऐंशी-नव्वद पटींनी तीक्ष्ण. थाळ्यांची अंतरे मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असल्यामुळे एका जोडीची फसगत दुसरी जोडी उघडी पाडते. शिवाय पृथ्वी फिरते तशी आकाशातून दिसणारी ही आकृतीही फिरते आणि न बांधलेल्या थाळ्यांची जागाही थोडीथोडी भरून निघते. सगळ्या थाळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरवरून एका जागी आणून जुळवतात; केबलच्या त्या एका सेंटिमीटरची गोष्ट आठवतेय ना?

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे 'स्कियापारेली' यान मंगळावर उतरत होते. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून येणारा त्याचा क्षीण सिग्नल खोडदच्या थाळ्या थेट ऐकत होत्या. उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी तो बंद पडला. यान आदळले होते, आणि काहीतरी बिनसल्याची पहिली चाहूल जगाला लागली ती जुन्नर तालुक्यातून.

एवढे क्षीण ऐकायचे तर आजूबाजूला शांतता लागते. जुना जीएसएम मोबाइल चंद्रावर नेऊन चालू केला, तर तो पृथ्वीवरून आकाशातल्या बहुतेक सगळ्या रेडिओ स्रोतांपेक्षा प्रखर दिसेल. मग थाळीपासून काही किलोमीटरवरचे यंत्र किती मोठ्याने ओरडत असेल! शहरांपासून लांब, डोंगरांच्या आडोशाची ही जागा म्हणूनच निवडली होती.

आणि इथेच खरा पेच आहे. पुणे-नाशिक नव्या रेल्वेमार्गाची आधीची आखणी नारायणगावच्या बाजूने होती. विजेच्या गाडीच्या तारेशी उडणाऱ्या ठिणग्या आणि तिच्यातली यंत्रे रेडिओ लहरींच्या सगळ्या पट्ट्यांत खरखर सोडतात, म्हणून दुर्बिणीच्या कारणाने त्या आखणीला अडथळा आला आणि रेल्वेमंत्र्यांनी मार्ग बदलण्याचे जाहीर केले. जुन्नर-आंबेगावचे लोक नाराज झाले, आणि त्यांचे दुःख खोटे नाही. नारायणगावच्या टोमॅटोला, तिथल्या मुलांना पुण्या-नाशिकला जायला रेल्वे हवीच आहे.

आमच्यासारखे लोक लगेच विचारतात: दिशा ओळखता येते ना, मग त्या दिशेला कान बंद करा की! रांगेला तसे करता येतेही. एखाद्या दिशेच्या सिग्नलची बेरीज शून्य होईल असे काटे लावायचे. पण गाडी पळत असते, दिशा क्षणाक्षणाला बदलते. आवाज डोंगरांवर आपटून अनेक दिशांनी येतो. गाडी इतकी जवळ असते की तिची लाट सरळ रांगेसारखी न राहता गोल असते, आणि २५ किलोमीटरवरच्या थाळीला तीच गाडी वेगळी ऐकू येते. सर्वांत मुख्य म्हणजे खरखर फार मोठी असली तर पहिलाच ॲम्प्लिफायर भांबावतो आणि मागचे सगळे गणित निरुपयोगी ठरते. जीएमआरटीच्या सुधारित यंत्रणेत खरखर तिथल्या तिथे गाळण्याची सोय केलेली आहे, तरीही गणित शांततेची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही.

आम्हाला वाटते ते असे. दुर्बीण एकदा उठवून दुसरीकडे नेता येत नाही आणि हरवलेली रेडिओ-शांतता पैसे देऊन परत मिळत नाही. पण तिची किंमत फक्त खोडदच्या आसपासच्या गावांनीच का मोजावी? शांतता देशाची असेल, तर त्या गावांना चांगले रस्ते, बाजाराची सोय, पर्यायी रेल्वेजोड हे देणेही देशाचेच आहे.

मुलांसाठी एक खेळ

मंडळाच्या पुढच्या सहलीला हा खेळ जरूर करून पाहा. सहा मुलांना एका रांगेत, हातभर अंतरावर, डोळे मिटून उभे करा. दोन मोठ्या माणसांनी एक लांब दोरी ताणून धरायची आणि ती तशीच धरून रांगेकडे चालत जायचे. दोरी लागली की मुलाने हात वर करायचा. लांब पाठमोऱ्या बसलेल्या एका मुलाला फक्त हात वर होण्याचा क्रम सांगा आणि दोरी कुठून आली ते विचारा. तीन-चार वेळा जमले की दोन दोऱ्या दोन दिशांनी एकदम आणा, आणि मग गोंधळ बघा! तो गोंधळ सोडवायला पुणे-लोणावळ्याची माणसे स्टॅनफर्डला बसून काय करत होती, हे मुलांना तेव्हा सांगितले तर जास्त पटेल.

सुट्टीत पुण्याला गेलात तर खोडदचीही चौकशी करा. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरवण्याचा प्रघात आहे. जाताना मोबाइल मात्र बंद ठेवा.

लेख कसा वाटला, कुठला भाग अवघड गेला, ते जरूर कळवा.